सढळ हाताचा फेरा

आमच्या घरात दोन कार्डं आहेत, एक हिरवं आणि एक पिवळं. इतरांच्या घरी भांडणं होतात, आमच्याकडे कार्ड निघतं. ओला टॉवेल पलंगावर सापडला की हिरवं, म्हणजे ताकीद. दुसऱ्या दिवशी तोच टॉवेल तिथेच सापडला की पिवळं, म्हणजे पाच मिनिटं घराबाहेर. मग मी जिन्यात उभा राहतो आणि जाणारे-येणारे शेजारी विचारतात, "आज काय केलंत?" बायको हॉकीची पंच असली की माणसाला खासगी आयुष्य म्हणून काही उरत नाही. माझ्या आईला मात्र तिने कधी कार्ड दाखवलेलं नव्हतं. एकदा हात खिशापर्यंत गेला होता, पण तो तिने तसाच वर नेऊन केसांवरून फिरवला.

मी स्वतः वजनमापे खात्यात निरीक्षक आहे. दुकानदारांचे तराजू आणि मापं तपासणं हे माझं काम. आमच्या खात्याचा सगळा कायदा थोडक्यात सांगायचा तर माप कमी भरलं की गुन्हा आणि जास्त भरलं की दुकानदाराची हौस. वर्षानुवर्षं हेच केल्यामुळे माझ्या हाताला एक वळण लागलं आहे. चहा ओतताना तो कपाच्या काठावरून बशीत उतरल्याशिवाय माझा हात थांबत नाही. घरच्यांना पुसापुशी करावी लागते, पण माझ्या हातून कोणाला कमी मिळालं असं आजवर कोणी म्हटलेलं नाही. हे मी जरा अभिमानाने सांगतो आहे, याची नोंद घ्यावी. पुढे या अभिमानाचं काय झालं ते येईलच.

तर एका संध्याकाळी ही शाळेतून आली आणि बूट न काढताच खुर्चीवर बसली. ही खेळाची शिक्षिका. शाळांच्या सामन्यांना तिने इतकी वर्षं शिट्टी वाजवली, पण मोठ्या सामन्यांसाठी पंचांची एक वरची यादी असते, तीत तिचं नाव नव्हतं. यंदा त्या यादीसाठी तिला बोलावलं होतं. नियमांची परीक्षा तिने केव्हाच खिशात टाकली होती. राहिली होती पळण्याची चाचणी.

"बारा मिनिटं सलग पळायचं," ती म्हणाली. "तेवढ्या वेळात किती अंतर कापलं ते मोजतात. त्यावरून दम कळतो. मला दोन हजार मीटर हवेत."

"मग पुढच्या वर्षी दे आरामात," मी म्हणालो.

"पुढच्या वर्षी पंचेचाळीस होतील मला. पंचेचाळिशीनंतर नवीन नाव घेत नाहीत." तिने बुटाची नाडी ओढली. "एकदाच मोठ्या फायनलला शिट्टी वाजवायची होती हो. नाहीतर मग टेबलावर बसून वेळ लिहायची. ते काम वाईट नाही, पण माझं नाही."

ती हे अगदी साध्या आवाजात बोलली, म्हणूनच मला ते लागलं. या बाईने एकदा स्वतःच्या शाळेविरुद्ध शेवटच्या मिनिटाला पेनल्टी दिली होती आणि मुख्याध्यापक महिनाभर तिच्याशी बोलत नव्हते. तिने आजवर स्वतःसाठी काही मागितलेलं मला आठवत नव्हतं. मी छाती पुढे काढून म्हणालो, "काळजी करू नकोस. आपल्या आवारात सराव कर. मोजण्याचं माझ्याकडे लागलं."

इथून सगळं सुरू झालं.

आमच्या चार इमारतींभोवती एक रस्ता आहे. त्याचा दोनशे मीटरचा फेरा आखायचा, म्हणजे दहा फेऱ्यांत काम झालं, असा माझा बेत. त्यासाठी खात्याची प्रमाणित पोलादी टेप मिळावी म्हणून मी साहेबांकडे गेलो. साहेबांनी अर्ज द्यायला सांगितलं. अर्ज दिल्यावर, सरकारी माप खासगी पायांसाठी देता येईल का, असा मुद्दा निघाला. फाईल वरच्या कार्यालयात गेली. तिथून विचारणा आली की पळणारी व्यक्ती कर्मचारी आहे की कर्मचाऱ्याचा कुटुंबीय, आणि कुटुंबीय असल्यास अवलंबून आहे का. मी लिहून कळवलं की व्यक्ती कुटुंबीय आहे, पण अवलंबून मीच आहे. त्यानंतर वरच्या कार्यालयातून काहीच आलं नाही.

शेवटी मी कोपऱ्यावरच्या शिंप्याकडून त्याची कापडी टेप मागून आणली. शिंप्याची टेप केवढी असते हे आपण जाणताच. तेवढ्या टेपने दोनशे मीटर मोजायचे म्हणजे टेप टेकवायची, खूण करायची, पुढे सरकायचं आणि पुन्हा टेकवायची. रविवारची पूर्ण सकाळ मी जमिनीला नाक लावून रांगत होतो. मुलांनी सायकली थांबवल्या. एका बाईंनी वरून विचारलं, "काही हरवलंय का?" पण मी माझ्या शिस्तीने चाललो होतो. प्रत्येक खुणेपाशी टेपचं टोक संपलं की पुढे चार बोटं सोडायची आणि मगच खडूची रेघ मारायची. सढळ हात म्हणजे सढळ हात. उद्या कोणी बोट दाखवायला नको की निरीक्षकाने स्वतःच्या बायकोला मापात मारलं.

फेरा पूर्ण भरावा म्हणून पाण्याच्या टाकीला वळसा घ्यावा लागला. त्या वळशावर तळमजल्यावरच्या आजींच्या कुंड्या होत्या. आजी म्हणाल्या, "कुंड्या हलवायच्या नाहीत. त्यांना ऊन ओळखीचं झालंय." तेव्हा वळसा कुंड्यांच्याही बाहेरून घेतला. तेवढं जास्तीचं अंतर मी मोजायला गेलो नाही. कंबर तोपर्यंत माझी राहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी झाडणाऱ्या बाईंनी सगळा खडू झाडून टाकला. आता तुम्ही म्हणाल, पुन्हा मोजा. बोलायला काय जातं? मी आठवणीने ती सुरुवातीची रेघ शोधली आणि तैलरंगाने पट्टा मारला. तासाभरात सोसायटीचे सेक्रेटरी दारात उभे.

"सामाईक जागेवर रंग," ते म्हणाले. "ठराव कुठे आहे?"

ठराव नव्हता. त्यासाठी सभा बोलवावी लागली. एका बाईंच्या पळण्यावर चार इमारतींमधली माणसं इतकं बोलू शकतात यावर माझा विश्वास बसला नसता. उजवीकडून पळायचं की डावीकडून, यावर एक तास गेला. डावीकडून पळाल्यास उभ्या गाड्यांच्या आरशांना धोका, उजवीकडून पळाल्यास गाड्यांकडून वहिनींना धोका. मग प्रत्येकाला आपली तरुणपणीची धाव आठवली. सेक्रेटरींनी तर घरून चषक आणून दाखवला. मी व्यवसायाच्या सवयीने त्याच्या तळाला काय कोरलंय ते वाचलं. चषक निबंधाचा होता. मी काही बोललो नाही, कारण ठरावावर त्यांची सही हवी होती.

त्याच सभेत दुसऱ्या मजल्यावरच्या विमेवाल्यांनी वेळ पाहण्याचं काम अंगावर घेतलं. हे गृहस्थ माणूस भेटला की त्याचं वय आणि आजार विचारतात. त्यांच्याकडे शाळेपासून जपलेली एक शिट्टी होती, ती वाजवायला त्यांना आयुष्यात कारण मिळालं नव्हतं.

"बारा मिनिटं बरोबर मोजतो, वहिनी," ते म्हणाले. "मात्र छातीत कळ आली तर आधी मला सांगायचं. डॉक्टरला नंतर."

आणि फेऱ्या मोजायला बसली माझी आई. गॅलरीत खुर्ची, मांडीवर दोन वाट्या आणि एका वाटीत बटणं. सून खालून गेली की एक बटण या वाटीतून त्या वाटीत. सुरुवातीला आईचा या प्रकरणाला विरोध होता. "या वयात बायकांनी पळायचं म्हणजे काय? मागे कोण लागलंय?" असं ती दोन दिवस म्हणाली. तिसऱ्या दिवशी तिने माझ्या जुन्या शर्टांची बटणं तोडून वाटीत जमा केली. शर्ट जुने नव्हते, हे मला नंतर कळलं.

सराव सुरू झाला. मी ऑफिसातून वेळेवर घरी येऊ लागलो. साहेबांनी तब्येत विचारली. संध्याकाळी ही बूट बांधून पट्ट्यावर उभी राहायची, विमेवाले शिट्टी फुंकायचे आणि अख्खं आवार आपापल्या कामाचं सोंग करून बाहेर यायचं. आजी कुंड्यांमागून सांगायच्या, "नाकाने श्वास घे ग, तोंडाने धूळ जाते." सेक्रेटरी निबंधवीराच्या अधिकाराने ओरडायचे, "हात हलवा, हात!" ही कोणाकडे न पाहता पळायची. मी टाकीपाशी उभा असायचो. माझ्यापाशी आली की ती नुसत्या भुवया उंचावून विचारायची आणि मी मान हलवून सांगायचो, चाललंय, छान चाललंय.

पण छान चाललं नव्हतं. बारा मिनिटांची शिट्टी व्हायची आणि आईच्या वाटीत कधी आठ बटणं, कधी जेमतेम नऊ. दहावं बटण काही पडेना.

"थोडंच कमी पडलं," मी रोज सांगायचो.

"किती?"

"थोडंच."

चाचणीला आठवडा राहिला तेव्हा एके दिवशी ती पळून झाल्यावर टाकीच्या पायरीवर बसली. तिने बूट काढून बाजूला ठेवले. चेहरा लाल झाला होता आणि श्वास काही केल्या बसत नव्हता. शेजारीपाजारी एकदम शहाणे झाले आणि आत निघून गेले. आमच्या आवारात हे फार क्वचित घडतं.

"पाय साथ देत नाहीत हो आता," ती म्हणाली. "आयुष्यभर पोरींना पळवलं. त्या दमल्या की ओरडायचे त्यांच्यावर. आता कळतंय."

मी तिच्या शेजारी बसलो. मी म्हणालो, "कदाचित मोजण्यातच काही..."

"छे." तिने मला पूर्ण बोलूही दिलं नाही. "दुसऱ्या कोणी मोजलं असतं तर मी भांडले असते. तुम्ही मोजलंय म्हणजे ते बरोबरच आहे. कमी पडतेय ती मी."

मला खरं सांगायचं तर त्या क्षणी बरं वाटलं. बायको रडवेली होऊन बसली होती आणि मला माझ्या मापाचं कौतुक ऐकून बरं वाटलं. माणूस किती कोता असतो पाहा.

विमेवाल्यांनी मला जिन्यात गाठलं. "टाकीच्या अलीकडूनच वळायचा एक पट्टा मारा ना," ते कुजबुजले. "वहिनींना वाटेल जमलं. आत्मविश्वास हा मोठा विमा आहे." दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे झोपलेले असताना मी ब्रश घेऊन खाली गेलोही. टाकीच्या अलीकडे उकिडवा बसलो. पण माझा हात चालेना. किती दुकानदारांच्या मापांना सील ठोकलं या हाताने, तो आता घरच्याच मापात खोट कशी करणार? मी तसाच वर आलो. तिला दिलासा देण्याची एक संधी मी सचोटीपायी घालवली, असं वाटून मला रात्रीचं जेवण गेलं नाही. सचोटी हा शब्द मी तेव्हा फार मनापासून वापरला होता.

चाचणीच्या दिवशी अख्खी फौज निघाली. आई बटणं घेऊन, विमेवाले शिट्टी घेऊन, सेक्रेटरी टोपी घालून. आजींनी एक कुंडी पाठवायचं म्हटलं होतं, ते कसंबसं टाळलं. मैदान चांगलं मोठं होतं. चारशे मीटरच्या फेऱ्याला पांढऱ्या रेघा मारलेल्या होत्या आणि एका टेबलामागे मुख्य परीक्षक बाई बसल्या होत्या. त्यांच्याकडे पाहून मला आमचे साहेब एकदम प्रेमळ वाटायला लागले.

शिट्टी झाली. ही पहिल्यापासून अशी पळाली की मला भीतीच वाटली. तिला ठाऊक होतं की आपण कमी पडतो, म्हणून ती हातचं काही राखत नव्हती. तीन फेरे झाले, चार झाले. पाचवा पूर्ण झाला तेव्हा ती पांढऱ्या रेघेवरून थेट पुढे गेली. मी घड्याळ पाहिलं. घड्याळ बंद पडलंय अशी माझी खात्री झाली.

"अजून पळतेय कशी ही?" आई म्हणाली. तिचा हात बटण धरून हवेतच राहिला होता.

विमेवाल्यांनी सवयीने शिट्टी तोंडाशी नेली, ती मी त्यांच्या हातातून ओढून घेतली. अखेर खरी शिट्टी वाजली तेव्हा ही पाच फेऱ्यांच्या पुढे अर्ध्या फेऱ्यावर होती. आम्ही सगळे ओरडलो. सेक्रेटरींनी टोपी हवेत उडवली. ती शेजारच्या आवारात पडली.

पण ही आमच्याकडे आलीच नाही. धापा टाकत ती सरळ टेबलापाशी गेली.

"बाई, तुमचं मैदान लहान आहे."

परीक्षक बाईंनी चष्मा काढला. "काय म्हणालात?"

"हा फेरा चारशेचा नाही. मी रोज पळते. बारा मिनिटांत माझे दोन हजार एकदाही झाले नाहीत. आज त्याच्याही वर अर्धा फेरा झालाय. हे शक्य नाही."

"तुमच्याकडे कोणी मोजलं होतं?"

"माझ्या नवऱ्याने. वजनमापे खात्यात आहेत ते." तिने मान ताठ केली. "त्यांचं माप चुकत नाही."

पलीकडे पास झालेल्या चार-पाच बायका तिच्याकडे अशा बघायला लागल्या की मला तिच्यापुढे जाऊन उभं राहावंसं वाटलं. परीक्षक बाई सावकाश म्हणाल्या, "तुम्ही आक्षेप घेतलात तर सगळ्यांची चाचणी रद्द होईल. पुन्हा पुढच्या वर्षी. तुमचं वय पाहता, बाई, विचार करून बोला."

"विचार केलाय," ही म्हणाली. "पण लहान मैदानावर पास होऊन मी दुसऱ्यांना नियम कशी सांगू?"

आणि नेमकं तेव्हाच माझं लक्ष माझ्या उजव्या हाताकडे गेलं. तो मी छातीशी धरला होता आणि त्याची चार बोटं माझ्या डोळ्यांसमोर होती. चार बोटं. प्रत्येक खुणेला चार बोटं. शिंप्याची टेप घेऊन केलेलं ते सगळं रांगणं माझ्या डोळ्यांपुढून गेलं. मी दुकानदाराचं माप गिऱ्हाइकाच्या बाजूने पाहणारा माणूस. रस्ता सढळ दिला की पळणाऱ्याचं कमी भरतं, हे साधं गणित माझ्या डोक्यात इतक्या दिवसांत आलंच नव्हतं.

मी टेबलापाशी गेलो.

"मैदान बरोबर आहे," मी म्हणालो. "माप माझं चुकलंय."

"अहो, काहीतरीच काय?" ही म्हणाली. तिला वाटलं मी तिला वाचवायला खोटं बोलतोय.

"खरंच चुकलंय. टेप टेकवताना दरवेळी चार बोटं जास्त सोडत गेलो. कुंड्यांचा वळसा तर मोजलाच नाही."

"चार बोटं कशाला?" परीक्षक बाईंनी विचारलं.

"कमी भरू नये म्हणून."

वजनमापे खात्याच्या निरीक्षकाने लोकांसमोर आपलं माप चुकलं म्हणून सांगायचं. ज्या दुकानदारांना मी आजवर दंड केला ते सगळे टेबलाभोवती उभे आहेत असं मला वाटलं. पण पाठीमागून आई पुढे आली.

"माझंही जरा झालंय," ती म्हणाली. "बोलण्यात फेरा मोजला की नाही अशी शंका आली की मी बटण टाकायचे नाही. उगाच आपल्या माणसाला जास्त कसं द्यायचं?"

विमेवाल्यांनी घसा साफ केला. "शिट्टी मी थोडी आधी वाजवायचो. म्हटलं, वहिनींची तयारी कडक व्हावी. सुरक्षित बाजू म्हणून."

सेक्रेटरींनी काहीच केलं नव्हतं. ते त्यांना फार लागलेलं दिसलं.

परीक्षक बाईंनी पेन खाली ठेवलं. "या बाईंशी तुम्हा सगळ्यांचं काही वाकडं आहे का?"

"वाकडं?" आई उसळली. "अहो, पोरगी नापास होऊ नये म्हणून तर! रोज गॅलरीत बसून माझा जीव वर-खाली व्हायचा. पाठ धरली माझी!" एवढं म्हणून ती रडायलाच लागली. हिला आईने पोरगी म्हटल्याचं मी पहिल्यांदाच ऐकलं. हिनेही ऐकलं असावं, कारण तिने आमच्याकडे पाठ केली आणि बराच वेळ बुटाची नाडी बांधली. नाडी सुटलेली नव्हती.

"आक्षेप मागे घेते," ती टेबलाकडे पाहून म्हणाली. "नोंद चुकीची होती. घरची."

परीक्षक बाईंनी तिच्या नावापुढे खूण केली आणि वर न बघता म्हणाल्या, "असा आक्षेप घेणारी पंच मला कधीपासून हवी होती."

मग ही आमच्यासमोर येऊन उभी राहिली आणि तिने खिशात हात घातला. आधी विमेवाल्यांना हिरवं. त्यांनी ते वाकून स्वीकारलं. मग ती आईकडे वळली. हात जरा थांबला. आणि त्या हाताने, आमच्या लग्नानंतर पहिल्यांदाच, माझ्या आईला हिरवं कार्ड दाखवलं. आईने डोळे पुसले, कार्डाकडे पाहिलं आणि सेक्रेटरींना म्हणाली, "मला पण दिलं, बघितलंत?" परतीच्या वाटेवर ते कार्ड तिने बटणांच्या पिशवीत जपून ठेवलं आणि अजून परत केलेलं नाही.

मला पिवळं मिळालं. मी मैदानाच्या फाटकाबाहेर जाऊन भिंतीला टेकून उभा राहिलो. चूक झाली होती, शिक्षा योग्य होती. ती इतके दिवस रोज दमून त्या पायरीवर बसत होती आणि स्वतःला दोष देत होती, आणि मी शेजारी बसून माझ्या मापाचं कौतुक ऐकत होतो. आता ती पुन्हा कधी म्हणेल का, तुम्ही मोजलंय म्हणजे बरोबर आहे?

फाटक वाजलं. ही बाहेर आली आणि माझ्या शेजारी भिंतीला टेकली. तिचा श्वास आता बसला होता.

"झाली पाच मिनिटं?" मी विचारलं.

"नाही झाली," ती म्हणाली आणि माझा हात, ती चार बोटं, आपल्या हातात घेतली. "थोडी कमीच मोजली. आपल्या घरची पद्धत."